कोंजॅक नूडल्स आणि कोंजॅक राईस: पास्त्याला मस्त, वरणभाताला अजिबात नाही

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पास्ता आणि हाक्का नूडल्सच्या जागी कोंजॅक नूडल्स (कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाच्या) खरंच चालतात, मी परत परत मागवतेय. फ्राईड राईस, लेमन राईस, दहीभात यात कोंजॅक राईस अर्ध्याला अर्धा मिसळला तर ठीक लागतो. पण वरणभात, आमटीभात, सारभात असलं काही त्याच्यावर करायचं डोक्यात असेल तर पैसे घालवू नका, ते होत नाही आणि का होत नाही तेही खाली लिहिलंय.

मी कल्याणला राहते, वजन कमी करतेय, कॅलरी मोजून. आमच्याकडे दोन्ही वेळ भात लागतो आणि शनिवारी मुलासाठी पास्ता होतोच, म्हणजे माझ्या आवडीच्या नेमक्या ह्याच दोन गोष्टी ताटात मोजून घ्याव्या लागतात. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण मी दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटं आणली आणि आतला माल सगळ्यांचा जवळपास सारखाच निघाला, फरक फक्त पाकिटाचा आणि किमतीचा.

आता हिशोब बघा. कच्चा पास्ता काय आणि कच्चे तांदूळ काय, १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी. तांदूळ शिजला की पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो म्हणून शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला १३० च्या आसपास येतात. कोंजॅक नूडल्स पाणी काढून १०० ग्रॅम घेतल्या तर १० च्या आसपास. एवढा फरक बघितला की कोणालाही वाटतं आता काय, पोटभर खा आणि बारीक व्हा. तसं नाहीये, पण फरक खरा आहे आणि तो येतो कुठून ते कळलं की ही वस्तू कशी वापरायची तेही आपोआप कळतं.

कोंजॅक म्हणजे कंद आहे, आपल्या सुरणाचाच भाऊबंद, एकाच कुळातला. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे बाजारात बायका शेवळं घेऊन बसतात ना, सोबत काकडं ठेवून, ती शेवळंसुद्धा ह्याच घराण्यातली. कच्चा कोंजॅकही सुरणासारखाच खाजतो. मग लोक विचारतात की सुरणच खाल्ला तर काय वाईट, तर सुरण छानच आहे, चिंच-कोकम घालून जरूर खा, पण सुरणात स्टार्च भरपूर असतो आणि कोंजॅकच्या कंदात असतं ग्लुकोमॅनन नावाचं फायबर जे आपल्या पोटात स्टार्चसारखं पचत नाही. जपानमध्ये हे फार जुनं खाणं आहे, तिथलं बहुतेक सगळं पीक गुन्मा ह्या एकाच भागात येतं, आणि तिथे ते भात-पास्त्याची नक्कल म्हणून नाही, सुकियाकीसारख्या रश्शात सरळ स्वतःच्या नावाने खातात. कंद वाळवून त्याचं पीठ करतात, पाण्यात घोळवतात आणि चुन्याच्या निवळीने घट्ट करतात, आपण पेठा करताना कोहळा चुन्याच्या पाण्यात टाकतो तीच निवळी. त्यामुळे नूडलचं पाकीट म्हणजे साधारण ९७ टक्के पाणी आणि उरलेलं जवळजवळ सगळं फायबर. कॅलरी कमी का, तर खाण्यात मुळात पाणीच आहे म्हणून.

आणि चुन्याने एकदा घट्ट झालेला हा प्रकार कितीही उकळा, विरघळत नाही, लगदा होत नाही. पण उलट बाजूही तीच, आधीच पाण्याने गच्च भरलेला असल्यामुळे तो नवीन काही शोषत नाही, सॉस नाही, मीठ नाही, वरण तर नाहीच.

पाकीट उघडल्यावर पहिल्यांदा वास येतो. मासळीसारखा, थोडा चुन्यासारखा, आणि ज्यांना कोणी सांगितलेलं नसतं ते तिथेच पाकीट फेकून देतात आणि एक स्टार देऊन मोकळे होतात. खराब झालेलं नसतं ते, तो वास ह्या पदार्थाचाच आहे आणि नीट धुतला तर पूर्ण जातो. मी करते ते असं, पाकिटातलं पाणी सगळं ओतून द्यायचं, नूडल्स चाळणीत घेऊन वाहत्या नळाखाली हाताने चोळून दोन-तीन मिनिटं धुवायच्या, मग उकळत्या पाण्यात अर्धं लिंबू पिळून त्यात दोन मिनिटं टाकायच्या, परत निथळायच्या. खरी मेहनत ह्याच्यापुढे आहे. कोरडी लोखंडी कढई चांगली तापवायची, तेलाचा थेंबही नको, आणि नूडल्स त्यात टाकून हलवत राहायचं. आधी नुसती वाफ येते, खाली पाणी सुटतं, ते आटतं, आणि मग एका क्षणाला नूडल्स कढईवर सरकताना चुर्रचुर्र आवाज करायला लागतात आणि त्यांची चकाकी जाऊन त्या थोड्या मळकट दिसतात. हा आवाज येईपर्यंत गॅसपासून हलायचं नाही. ७-८ मिनिटं लागतात. ही पायरी गाळली की ताटात सॉसच्या खाली पाण्याचं तळं होतं, आणि नेटवर "रबरासारखं लागलं, पाणचट लागलं" असे जे रिव्ह्यू येतात त्यातले निम्मे तरी ह्याच पायरीमुळे असणार असं माझं मत आहे.

आता सॉस. साध्या पास्त्याचं स्टार्च उकळताना पाण्यात उतरतं, ते एक डाव पाणी सॉसमध्ये घातलं की सॉस पास्त्याला धरून राहतो. इथे स्टार्चच नाही म्हणून सॉस मुळातच दाट करावा लागतो. टोमॅटो, भरपूर लसूण, कांदा, सिमला मिरची चांगली परतून, अर्धी मिक्सरला फिरवून, चिली फ्लेक्स जरा जास्त, आणि नूडल्स त्यात टाकून पाच मिनिटं मंद गॅसवर ठेवायच्या. व्हाईट सॉस हवा असेल तर मैदा-लोणी न घेता मी लाल भोपळा उकडून मिक्सरमधून काढते, त्यात थोडं दूध, मिरपूड, जायफळ अगदी किसभर. भोपळ्याला १०० ग्रॅमला २६ कॅलरी, रंग थोडा केशरी येतो पण दाटपणा असा मस्त येतो की मुलगा न विचारता दुसऱ्यांदा घेतो. मिठाचं मात्र सांभाळा, नूडल्स आतून अळणीच राहतात म्हणून आपण सॉसमध्ये मीठ वाढवत जातो. त्याऐवजी लिंबू, ओरेगॅनो, लसूण वाढवा.

खरं सांगायचं तर ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठी गोष्ट मला नूडल्सने नाही, वजनकाट्याने शिकवली. आमच्या घरी जसा पास्ता व्हायचा तसा एका माणसाचा हिशोब मांडला. कच्चा पास्ता ८० ग्रॅम म्हणजे २८५ कॅलरी. तेल दोन मोठे चमचे, ऑलिव्ह असो की शेंगदाण्याचं, एका मोठ्या चमच्याला १२० धरा, म्हणजे २४०. वरून दोन चीज क्यूब, अजून साधारण १२०. भाज्यांचे ५० धरले तरी सातशेच्या जवळ गेलो. ह्यातला फक्त पास्ता काढून तिथे २०० ग्रॅम कोंजॅक घातलं तर २६५ वाचतात. आणि पास्ता तसाच ठेवून तेल फक्त एका छोट्या चमच्यावर आणलं तर १९५ वाचतात, तेही एक रुपया खर्च न करता! म्हणजे जे लोक महागाचं पाकीट आणून त्यावर तेल-चीजचा मारा करतायत त्यांनी आधी तेलाच्या बाटलीकडे बघा, कळकळीने सांगतेय. हॉटेलातल्या पास्त्यातही मारतं ते लोणी, क्रीम आणि चीज, पास्ता बिचारा त्यातला एक भाग.

दोन्ही केलं, म्हणजे कोंजॅकही घेतलं आणि तेलही कमी केलं, तर माझं एक मोठं बाऊलभर जेवण साधारण ३२० ला बसतं. नूडल्सचे २०, तेलाचे ४५, सॉस आणि भाज्यांचे ५०-६०, एक चीज क्यूब ६०, आणि ५० ग्रॅम पनीर १४० च्या आसपास. पनीर मी मुद्दाम घालते. ८० ग्रॅम पास्त्यात १० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, हे लोक विसरतात, आणि कोंजॅकमध्ये ते शून्य आहे. नुसतं कोंजॅक आणि टोमॅटो खाल्लंत तर पोट फुगल्यासारखं वाटेल पण दोन तासात भुकेने हात पाय गळतील, मग संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडला जातो आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं. पनीर, दोन अंडी, उकडलेले छोले, चिकन, काहीतरी हवंच. अंड्याचे ७०-७५ कॅलरी, त्यात ६ ग्रॅम प्रोटीन, ह्याच्याइतका सोपा सौदा नाही.

आता भात. कोंजॅक राईस म्हणजे तेच पीठ, फक्त बारीक दाण्याच्या साच्यातून काढलेलं, भिजलेल्या बारीक साबुदाण्यासारखं दिसतं. मी तो धुऊन, भाजून, सगळं नीट करून गरम गरम वरणासोबत वाढला. आमच्या आई (सासूबाई) शांतपणे दोन घास खाऊन म्हणाल्या, "अगं, ह्याला वरण लागतच नाहीये की, सगळं ताटात पळतंय." ह्याच्याहून अचूक रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही. वरणभातात भाताचा दाणा दाबला की फुटतो, वरण पितो, त्याचं स्टार्च वरणात मिसळतं, वर तूप, आणि मग ते सगळं एकजीव होतं. कोंजॅकचा दाणा फुटत नाही, पीत नाही, दाताखाली टुणटुण करतो. हातानं कालवून खाणाऱ्या माणसाला तर बोटांनाच कळतं की हे भात नव्हे. इंद्रायणी, आंबेमोहोर खाणाऱ्या घरात हे कोणी स्वीकारणार नाही आणि स्वीकारूही नये असं मला मनापासून वाटतं.

मग वरणभाताचं काय करायचं, तर तो खरा ठेवायचा आणि मोजायचा. ६० ग्रॅम कच्चे तांदूळ म्हणजे २१५ कॅलरी, शिजून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भात होतो, एका माणसाला तो काही कमी नाही. मी ४० ग्रॅम घेते, त्यावर वरण दुप्पट आणि जरा दाट, बाजूला कोशिंबीर आणि एक पालेभाजी मोठी वाटीभर, आणि तूप मोजून एक छोटा चमचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारसूत्रं काढली त्यातही हेच आहे की धान्यातून येणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांच्या आत ठेवा आणि अर्धं ताट भाज्या-फळांनी भरा. भात सोडा असं तिथे कुठे लिहिलेलं नाही.

अर्ध्याला अर्धं मिसळायचं कुठे जमतं तर जिथे भात मुळातच सुटा आणि परतलेला असतो. ३० ग्रॅम तांदळाचा मोकळा भात, तेवढाच कोंजॅक राईस कोरडा भाजून, फोडणीत मोहरी, हळद, कढीपत्ता, डाळं-शेंगदाणे अगदी मोजके, वर लिंबू, हा लेमन राईस कोणाला कळतसुद्धा नाही. फोडणीचा भातही जमतो. दहीभात तर मला सगळ्यात आवडला कारण दही स्वतःच दाट असतं आणि थंड खाताना तो टुणटुणीतपणा जाणवत नाही, वर आल्याचा कीस, डाळिंबाचे दाणे. मसालेभातात घातला तर तोंडली-मसाल्यात खपून जातो पण मसालेभाताचा जो मऊपणा असतो तो गेलाच, त्यामुळे तिथे माझ्याकडून नकोच.

पण ह्या सगळ्यांसाठी फ्लॉवर किसून घेतला तर? १०० ग्रॅमला २५ कॅलरी, म्हणजे कोंजॅकपेक्षा नावाला जास्त, थंडीत बाजारात स्वस्त मिळतो, वास-धुणं काही नाही, चावायला बरा आणि मसाला धरतो. जाड किसणीने किसायचा, फडक्यात बांधून पाणी पिळायचं, मोठ्या गॅसवर झाकण न ठेवता चार मिनिटं परतायचा, झाकण ठेवलंत की भाजी झाली समजा. पुलाव आणि फ्राईड राईससाठी मी आता कोंजॅक राईस सोडून हाच धरलाय. म्हणून राईसच्या पाकिटाला माझ्याकडून ५ पैकी २ आणि नूडल्सला ४.

मैत्रिणी अजून दोन-तीन गोष्टी विचारतात त्यांचं पटकन लिहिते. ब्राऊन राईस, वरई, मिलेट पास्ता, मल्टीग्रेन पास्ता ह्यांच्या कॅलरी साध्या तांदूळ-पास्त्याच्या आसपासच असतात, फायबर जास्त असल्यामुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं हा फायदा आहे पण "हेल्दी" म्हणून दोन वाट्या जास्त खाल्ल्या तर वजन वाढणारच. भात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केला की कॅलरी निम्म्या होतात असं व्हॉट्सअॅपवर फिरतं, तर थंड केल्यावर थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि साखर जरा कमी वेगाने चढते एवढं खरं, निम्म्या-बिम्म्या होत नाहीत. आणि शिळा भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, तास-दीड तासात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. ओसवून पेज काढली तरी कॅलरी थोड्याच जातात, पेज मात्र छान लागते.

पोटाचं सांगायलाच हवं. एकदम इतकं फायबर गेलं की काहींना गॅस होतो, पोट फुगतं. अर्ध्या पाकिटापासून सुरू करा आणि पाणी भरपूर प्या, आणि नीट चावा, हे नुसतं सुर्रकन ओढून गिळायचं नाही. ज्यांना गिळायला त्रास आहे, आतड्यांचं ऑपरेशन झालंय किंवा जे डायबेटिसच्या गोळ्या घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं, कारण ताटातला कार्बच गेला आणि गोळी तीच राहिली तर साखर खाली जाऊ शकते. इतर औषधंही ह्याच्या अगदी सोबत घेऊ नयेत, तासाभराचं अंतर ठेवावं. वाढत्या वयाच्या मुलांना तर हे जेवण म्हणून देऊच नका, माझ्या मुलाला खरा पास्ता असतो, सॉस फक्त एकच. बाजारात ग्लुकोमॅननची कॅप्सूलही मिळते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये वजन कमी करायला मदत होते हे मान्य केलं होतं, पण दिवसाला ३ ग्रॅम, तीन वेळा विभागून, जेवणाआधी एक-दोन ग्लास पाण्यासोबत, आणि मुळात कमी कॅलरीचं जेवण चालू असताना. कमी पाण्यात ती पावडर घशातच फुगू शकते म्हणून मी त्या वाटेला जात नाही. नूडल्समध्ये ते आधीच फुगलेलं असतं.

घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. पाणी, कोंजॅक पीठ, कॅल्शियम हायड्रॉक्साइड (म्हणजे तोच चुना), एवढंच हवं, कधी थोडं ओट फायबर असतं ते चालतं. कोरड्या दाण्याचा जो कोंजॅक राईस मिळतो त्यातल्या काहींमध्ये टॅपिओका स्टार्च असतो, मग कॅलरी पार वेगळ्या होतात, आणि पुढे मोठ्या अक्षरात मात्र कोंजॅक. निव्वळ वजन आणि पाणी काढून वजन हेही वेगळं असतं, कॅलरी कोणत्या वजनावर लिहिल्यात ते बघा. मला एक पाकीट दीडशे ते दोनशे रुपयांना पडतं, एका माणसाचं एक जेवण, आणि आपल्या किराण्याच्या मानाने हे महागच आहे, त्यात वाद नाही. म्हणून मी आठवड्यातून एकदा-दोनदा आणते आणि एका पाकिटात दोन जेवणं काढते, अर्ध्या नूडल्स आणि ४० ग्रॅम खरी स्पॅगेटी एकत्र. दीडशेच्या आसपास कॅलरी होतात, खऱ्या पास्त्याचा गव्हाचा स्वाद राहतो, सॉसही नीट धरतो, आणि चवीला मला पूर्ण कोंजॅकपेक्षा हेच जास्त आवडतं.

उरलेल्या नूडल्स स्वच्छ पाण्यात बुडवून डब्यात फ्रिजमध्ये ठेवायच्या, रोज पाणी बदलायचं, दोन-तीन दिवस राहतात. फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका, आतलं पाणी गोठून बाहेर पडतं आणि त्या स्पंजासारख्या चिवट होतात, मग काही केलं तरी सुधारत नाहीत. ऑनलाईन मागवलंत तर पार्सल आल्या आल्या पाकीट दाबून बघा, कडेने ओल असेल किंवा फुगलेलं असेल तर फोटो काढून लगेच परत करा.